जुनं वाद्य विकायचंय? आधी त्याचा वादक शोधा

वाजवणारं माणूस राहिलं नाही, मुलगी शिकायला दूर गेली किंवा नव्या घरात तंबोरा ठेवायला कोपराच उरला नाही, की घरात वाद्य विकण्याचा विषय निघतो. तोही बहुधा घाईत. फोनवर दोन फोटो काढायचे, 'उत्तम स्थितीत, तातडीने विकणे आहे' असं लिहायचं आणि जो पहिला येईल त्याला वाद्य देऊन मोकळं व्हायचं, अशी पद्धतच पडून गेली आहे. यात पैसे कमी मिळतात, हे तर झालंच. त्याहून वाईट म्हणजे सुरेल जुनी पेटी कुठल्याशा हॉटेलात शोभेला जाऊन बसते आणि शिकू पाहणाऱ्या मुलाला तेवढ्याच पैशांत बेसूर नवी पेटी घ्यावी लागते.

फ्रिज जुना झाला तरी मॉडेल आणि वर्ष सांगितलं की त्याची किंमत कोणालाही काढता येते. वाद्याची किंमत कानाला कळते, आणि तो कान प्रत्येक वाद्यासाठी वेगळ्या ठिकाणी असतो. तंबोऱ्यासाठी तो मिरजेच्या गल्लीत असेल, पखवाजासाठी भजनी मंडळात, गिटारसाठी कॉलेजच्या बँडमध्ये. म्हणून कुठे विकायचं हे आपल्या सोयीवरून ठरवू नका, वाद्यावरून ठरवा. हे वाद्य उद्या कोण वाजवेल, याचं उत्तर सापडलं की बाजार आपोआप सापडतो, आणि भावही बहुतेक वेळा तिथेच बरा मिळतो.

आधी हातात काय आहे ते ओळखा

पेटीची किंमत लाकडात थोडी आणि सुरांत फार असते. सूर म्हणजे आतल्या पितळी रीड. जुन्या नावाजलेल्या पेट्यांत जर्मन सूर सापडतात. पुढच्या काळातल्या बऱ्याच पेट्यांत गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर असतात. सुरांचे संच दोन आहेत की तीन, ते बास-मेल आहेत की बास-मेल-फीमेल, कपलर आहे का, स्केल चेंजर आहे का, एवढी माहिती तरी आपल्याजवळ हवी. 'जर्मन' हा शब्द बाजारात फार सैल वापरला जातो, त्यामुळे कारागिराकडून पेटी उघडून घ्या आणि खात्री पटली तरच तो शब्द उच्चारा. मुंबईचे हरिभाऊ विश्वनाथ किंवा कोलकात्याचे द्वारकिन अशा जुन्या नावाची पट्टी पेटीवर असेल तर पॉलिशच्या भरात ती घासू नका. जाणकार ग्राहक आधी तीच पाहतो.

भात्याची परीक्षा घरीही करता येते. भाता भरायचा, पुढचे स्टॉप सगळे बंद करायचे आणि हवा किती सावकाश उतरते ते पाहायचं. झटकन बसला तर कुठेतरी गळती आहे. पट्टीची परीक्षाही सोपी आहे. फोनवरचा तंबोरा लावून काळी एकचा षड्ज धरा. अनेक जुन्या पेट्या आजच्या ४४० हर्ट्झच्या मापाला जुळवलेल्या नसतात, ते लगेच कानाला जाणवतं. सूर घासून जुळवता येतात. टोकाशी घासला की सूर चढतो, मुळाशी घासला की उतरतो. पण घासलेलं पितळ परत येत नाही. त्यामुळे पेटी याआधी किती वेळा जुळवली आहे, हे विचारणारा ग्राहक आला तर त्याला किचकट समजू नका; तो खरा ग्राहक आहे.

तबल्याच्या बाबतीत खोड कशाचं आहे हे पहिलं. शिसवी किंवा खैराचं जड खोड असेल तर पुडी फाटलेली असली तरी जोडीला किंमत आहे. पुडी कधीही बदलता येते, खोड नाही. दुसरं म्हणजे तोंडाचं माप. सव्वापाच इंचांच्या आसपासचा टिपेचा तबला काळी एकला लागतो. पावणेसहा-सहा इंचांचा ढाला तबला खालच्या पट्टीला. शिकणाऱ्याला आणि साथ करणाऱ्याला यातलं कोणतं हवंय हे वेगवेगळं असतं, म्हणून जाहिरातीत 'तबला-डग्गा विकणे आहे' एवढंच लिहून भागत नाही. इंच लिहा, कोणत्या पट्टीला लागतो ते लिहा. डग्गा तांब्याचा आहे, पितळेचा की हलक्या धातूचा, आणि वजन किती, हेही लिहा.

तंबोऱ्यात भोपळा, तबली आणि दांडी यांना तडा नाही ना, हे आधी पाहावं. दांडी वाकली आहे का, खुंट्या फिरतात आणि धरून राहतात का, हे नंतर. तंबोरा मर्दानी आहे की जनानी, हे तर सांगायलाच हवं, कारण काळी चारला गाणाऱ्या मुलीला मोठा मर्दानी तंबोरा फुकट दिला तरी उपयोगाचा नाही. जव्हारी, म्हणजे घोडीवर तारेला मिळणारी झणकार, बसलेली असेल तर ती पुन्हा काढून घेता येते आणि विकण्याआधी तेवढा खर्च जरूर करावा. तंबोरा घेणारा माणूस तो छेडून पाहतो, आणि जव्हारी मेलेली असली की पुढचं बोलणंच होत नाही.

गिटारच्या बाबतीत मानेचा बाक, तारांची पट्टीपासूनची उंची आणि झिजलेल्या फ्रेट्स पाहाव्यात. कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात दाबून आवाज बदलतो का ते तपासावं, मूळ ॲडॉप्टर शोधून ठेवावा आणि मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहावा. यामाहाच्या 'पीएसआर-आय' मालिकेत तबला, सतार असे भारतीय आवाज असतात, त्यामुळे भावगीत-भक्तिगीतांची साथ करणारे ते मुद्दाम शोधतात. जुना इलेक्ट्रॉनिक तंबोरा मात्र आता विशेष किंमत आणत नाही. तेच काम फोनवरची ॲप करतात. त्याची आशा धरून बसू नका.

गोव्यातल्या आणि मुंबईतल्या गोवेकर कुटुंबांत माळ्यावर व्हायोलिन निघतं आणि आत 'स्ट्रॅडिव्हेरियस' असं लेबल दिसतं. अंतोनियो स्ट्रॅडिव्हरी हा इटलीतल्या क्रेमोनाचा कारागीर १७३७ साली वारला. एकोणिसाव्या शतकापासून जर्मनी आणि बोहेमियातल्या कारखान्यांनी त्याच्या धर्तीवर बनवलेल्या हजारो व्हायोलिनांवर त्याच्या नावाची लेबलं लावली. त्यामुळे लेबलावरून किंमत ठरत नाही. तरीही असं व्हायोलिन उत्तम वाजू शकतं, आणि ते व्हायोलिन शिकवणाऱ्याला दाखवल्याशिवाय विकू नये.

विकण्याची ठिकाणं, एकेक करून

*कारागीर.* कुठलंही वाद्य विकायला काढण्याआधी पहिली फेरी दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे मारावी. काय बिघडलंय, दुरुस्तीला किती लागेल आणि दुरुस्तीनंतर वाद्य किती वर्षं चालेल, हे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या आणि त्या तपासणीचे पैसे द्या. इथे एक पथ्य पाळावं: ज्याच्याकडून किंमत काढून घेतली त्यालाच वाद्य विकू नये. विकत घेणाराच परीक्षक असला की दोष मोठे दिसतात, आणि यात माणूस वाईट असण्याचा प्रश्न नाही; व्यवहाराचा स्वभावच तसा आहे. एकाकडून परीक्षा, दुसऱ्याला विक्री. त्याला विकायचंच असेल तर आधी आणखी एका जाणकाराचं मत घ्या.

तंबोरा आणि सतारीसाठी मिरजेचा विचार जरूर करावा. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून सुरू झालेली तिथली परंपरा पिढ्यान् पिढ्या त्याच कुटुंबांत चालत आली आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांपासून बनलेली ही वाद्यं देशभर जातात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तुमच्या तंबोऱ्यावर जुन्या कारागिराच्या नावाची पट्टी असेल तर त्याच घराण्यातल्या माणसाला तो दाखवा. आजोबांच्या हातचं काम नातवाला ओळखता येतं. दुरुस्तही तो मन लावून करतो. शिवाय जुन्या तंबोऱ्याच्या शोधात असलेले गायक त्याच्याकडेच चौकशी करतात. लांबून तंबोरा पाठवण्याआधी मात्र फोटो पाठवून बोलणं करावं. प्रवासात भोपळा फुटण्याची भीती खरी आहे.

*गुरू, क्लास आणि भजनी मंडळ.* माझ्या मते पेटी, तबला आणि पखवाज यांच्यासाठी यासारखी दुसरी जागा नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात. प्रारंभिक, प्रवेशिकेला बसणारी कितीतरी मुलं गावोगाव या परीक्षा देतात, त्यांना पहिली पेटी हवी असते, आणि त्यांच्या आईवडिलांना ती चांगली आहे की वाईट हे कळत नाही. ते सरांना विचारतात. सरांनी पेटी वाजवून 'घ्या' म्हटलं की व्यवहार तिथेच संपतो. विकणाऱ्यालाही घासाघीस करावी लागत नाही, कारण मधला माणूस दोघांच्या ओळखीचा असतो.

एक गोष्ट आधीच मोकळेपणाने बोलून घ्या. सरांना या कामाचा मोबदला द्यायचा आहे का? काही जण घेतात, काही घेत नाहीत, काही जण एखाद्या गरजू विद्यार्थ्यासाठी किंमत थोडी कमी करायला सांगतात. यातलं काहीच गैर नाही. गैरसमज होतो तो न बोलल्यामुळे.

पखवाज, वीणा, टाळ यांचा हंगाम आषाढीच्या आधीचा. वारीला निघणाऱ्या दिंड्या आणि गावोगावची भजनी मंडळं वैशाख-ज्येष्ठात वाद्यांची डागडुजी करतात, तेव्हाच चौकशीही असते. ढोल-ताशांचंही तसंच: गणपतीच्या कितीतरी आधी पथकांचे सराव सुरू होतात. भाद्रपदात ढोल विकायला काढला तर उशीर झालेला असतो.

*वाद्यांचं दुकान.* दुकानात तीन प्रकारचे व्यवहार होतात आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत. रोख विक्रीत दुकानदार वाद्य विकत घेतो आणि तुम्ही मोकळे. बदलीत जुनं देऊन नवं घेता. आणि तिसऱ्या प्रकारात वाद्य त्याच्याकडे विक्रीसाठी ठेवायचं. विकलं गेलं की तो आपलं कमिशन कापून उरलेले पैसे देतो.

रोखीत भाव सर्वात कमी मिळतो, आणि त्यामागे कारण आहे. समजा, तुमच्या जुन्या पेटीला वाजवणारा माणूस चौदा हजार द्यायला तयार होईल. दुकानदाराला ती जुळवायला दोन हजार लागतील, ती चार-सहा महिने पडून राहील, विकल्यावर कुरकुर आली तर पुन्हा पाहावी लागेल आणि त्याचा नफाही सुटायला हवा. त्याने आठ हजार सांगितले तर तो तुम्हाला लुटत नाही. ते सहा हजार म्हणजे तुम्ही विकत घेतलेली सुटका आहे. वाट पाहायला वेळ नसेल, अनोळखी माणसं घरी यायला नको असतील, तर ही सुटका घेण्यात शहाणपण आहे.

बदलीत मात्र सावध राहावं. जुन्याची किंमत भरघोस दिसते कारण नव्याची किंमत सोडलेली नसते. म्हणून आधी एकच प्रश्न: 'जुनं न देता रोख घेतलं तर ही नवी पेटी केवढ्याला द्याल?' ते उत्तर मिळाल्यावर जुनी पेटी पुढे करा. दोन किमतींतला फरक हीच तुमच्या जुन्या पेटीची खरी किंमत.

विक्रीसाठी ठेवताना लेखी कागद हवा. कमीत कमी किती किमतीला विकायचं, कमिशन किती, किती महिने ठेवायचं, तोवर वाद्याला इजा झाली तर जबाबदारी कोणाची आणि दुरुस्तीचा खर्च कोण करणार, या पाच गोष्टी त्यावर असल्या म्हणजे पुरे. वाद्याच्या आतल्या बाजूचे, क्रमांकाचे, ओरखड्यांचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.

पाश्चात्त्य वाद्यांसाठी मोठ्या शहरातली दुकानं अधिक उपयोगाची. मुंबईत धोबीतलाव भागात १८६५ पासून असलेलं फुर्ताडोज हे नाव गोव्यातही सर्वांना माहीत आहे. तुमचं जुनं वाद्य अशा दुकानांनी घेतलंच पाहिजे असं नाही, पण जवळच्या शिकवणाऱ्यांची आणि ट्यूनरची नावं तिथे कळतात, आणि ती नावं किमतीइतकीच मोलाची आहेत.

पियानोबद्दल स्पष्ट सांगायला हवं. जुन्या उभ्या पियानोंना ग्राहक फार कमी असतात. आतली चौकट लोखंडाची नसून लाकडाची असेल, खुंट्या सैल झाल्या असतील, तर दुरुस्तीचा खर्च पियानोच्या किमतीपुढे जातो, आणि जिन्यावरून उतरवण्याची मजुरी वेगळी. अशा वेळी ट्यूनरला बोलावून वाजण्याजोगा आहे की नाही हे आधी ठरवून घ्या आणि वाजण्याजोगा असेल तर हलवण्याचा खर्च घेणाऱ्यानेच करावा, या अटीवर तो शिकणाऱ्या घरात द्या.

*ऑनलाइन जाहिरात.* कीबोर्ड, गिटार, ॲम्प्लिफायर, मिक्सर, माइक यांच्यासाठी ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेस चांगले, कारण ही वाद्यं आणि उपकरणं मॉडेलच्या नावावर विकली जातात. पुण्यातल्या मुलाला नाशिकच्या गिटारबद्दल पुरेशी कल्पना नावावरूनच येते. पेटी-तबल्यासाठी ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. मिक्सर आणि स्पीकर असतील तर मंडप-साउंडवाल्यांना विचारा. नवरात्र आणि लग्नसराईच्या आधी त्यांना जास्तीची सामग्री लागते.

जाहिरातीत शब्दांपेक्षा आवाज कामाला येतो. पेटीचे दोन सप्तक सावकाश वाजवलेला, तबल्याचा 'ना' आणि डग्ग्याची घुमक ऐकू येईल असा, तंबोऱ्याच्या चारही तारा छेडलेला साधा व्हिडिओ जोडा. पार्श्वसंगीत नको. दोष लपवू नका. तोच पहिल्या दिवशी लिहिलात तर त्याबद्दल घासाघीस होत नाही.

इथल्या फसवणुकीचे प्रकार ठरलेले आहेत. समोरचा माणूस वाद्य न पाहता तुम्ही सांगाल ती किंमत लगेच मान्य करतो. आपण लष्करात आहोत, बदली झाली आहे, घ्यायला माणूस पाठवतो, असं सांगतो. मग 'पैसे पाठवतोय, हा क्यूआर कोड स्कॅन करा' म्हणतो. हे मनात पक्कं ठेवा: पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. 'चुकून जास्त पाठवले, जादाचे परत करा' हाही नेहमीचा डाव. एसएमएस दाखवला म्हणून विश्वास ठेवू नका, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसली पाहिजे. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात.

वाद्य दाखवायला घरापेक्षा क्लासची जागा किंवा कारागिराचं दुकान बरं. तिथे वाजवून पाहता येतं आणि घरातली माणसं, पत्ता अनोळखी माणसाला कळत नाही. घरीच दाखवायचं असेल तर दुसरं कोणी सोबत असू द्या.

*जुना बाजार आणि मोड.* पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार किंवा गल्लीतला भंगारवाला इथे वाद्य वजनाने किंवा शोभेच्या वस्तूच्या भावाने जातं. तांब्याचा डग्गा, बँडचे पितळी कर्णे हे धातूच्या भावाने चांगली रक्कम आणतात, म्हणून मोह होतो. तरी मोडीत घालण्याआधी एखाद्या तबलावाल्याला आणि एखाद्या बँड कंपनीच्या मालकाला फोन करा. चेपलेला कर्णा ठोकून सरळ होतो. वितळल्यावर उरतं ते फक्त पितळ. जी वस्तू खरोखर दुरुस्तीपलीकडे गेली आहे ती कारागिराला सुट्या भागांसाठी द्या. जुन्या पेटीचे जर्मन सूर, तंबोऱ्याच्या खुंट्या, सतारीचे पडदे दुसऱ्या वाद्यात पुन्हा वाजू लागतात.

*दान आणि संग्रहालय.* शाळेला, अनाथाश्रमाला, मंदिराला वाद्य देण्याआधी एवढंच विचारा: तिथे वाजवणारं कोण आहे? शिकवणारा नसेल तर दान केलेली पेटी पुन्हा कपाटावरच जाते. शिक्षक असलेली साधी शाळा मोठ्या नावाच्या संस्थेपेक्षा बरी. वाद्य एखाद्या नामवंत कलाकाराचं असेल, किंवा आज बनत नाही असं दुर्मीळ असेल, तर विकण्याआधी संग्रहालयाशी बोलावं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचा मोठा संग्रह आहे. संग्रहालयात द्यायचं तर त्याच्यासोबत वाद्य कोणाचं, कुठे बनलं, कोणत्या मैफलीत वाजलं याची लेखी माहिती आणि जुने फोटोही द्या. त्या माहितीवाचून वाद्याची अर्धी ओळख हरवते.

कायद्याच्या दोन गोष्टी

काही जुन्या वाद्यांवर हस्तिदंताची नक्षी असते, आणि घोडी काही वेळा सांबरशिंगाची असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली या वस्तूंचा व्यापार करता येत नाही. 'आजोबांच्या वेळचं आहे' हे उत्तर चालत नाही. अशी शंका असेल तर जाहिरात टाकण्याआधी वनविभागाकडे चौकशी करा. गोव्यातलं घुमट पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवत. त्या कातड्याला आता कायद्याने बंदी आहे आणि घुमट बकऱ्याच्या कातड्याने मढवतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, त्यामुळे जुन्या घुमटांबद्दल कुतूहल वाढलं आहे. पण घोरपडीचं कातडं असलेलं घुमट विकता येत नाही, हे लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट परदेशी ग्राहकाची. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि १९७२ च्याच पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. जुन्या पेटीला किंवा बीनेला परदेशातून मोठी मागणी आली तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून खात्री करून घ्यावी.

अमेरिका-युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा प्रश्न उलट असतो: भारतात परतताना तिकडची पेटी आणायची की विकायची? आणण्याचा खर्च आणि प्रवासातली जोखीम पाहता ती तिथेच, महाराष्ट्र मंडळाच्या ओळखीने किंवा गावातल्या भारतीय संगीताच्या शिक्षकाकडे विकणं बहुधा शहाणपणाचं ठरतं. भारतातून नेलेली सुस्थितीतली पेटी तिथे सहज मिळत नाही, म्हणून तिला तिथे मान आहे.

भाव, वेळ आणि हातात देणं

भाव ठरवायला साधी पद्धत आहे. त्याच दर्जाच्या नव्या वाद्याची आजची दुकानातली किंमत विचारा. तुम्ही कधीकाळी दिलेली किंमत विसरून जा. त्यातून कारागिराने सांगितलेला दुरुस्तीचा खर्च वजा करा. उरलेल्या रकमेवर दोन जाणकारांचं मत घ्या आणि मनात दोन आकडे पक्के करा: सांगायचा आणि त्याखाली न उतरण्याचा. आठवणीची किंमत ग्राहकाकडून मागता येत नाही. आठवण मोठी असेल तर वाद्य घरातच ठेवण्याचा विचार करा. तोही एक योग्य निर्णय आहे.

विकण्याआधी फार खर्च करू नका. तंबोऱ्याला नव्या तारा आणि जव्हारी, पेटीच्या भात्याची गळती आणि आतली धूळ, गिटारला नव्या तारा, एवढं पुरे. नवी सनमायका, चकचकीत पॉलिश, स्वस्तातली नवी पुडी यांतून पैसे सुटत नाहीत. चांगला वादक पुडी स्वतः निवडतो.

पावसाळ्यात शक्यतो वाद्य दाखवू नका. दमट हवेत पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात, तबल्याचं कातडं सैल पडून सूर उतरतो, आणि चांगलं वाद्यही आजारी वाटतं. दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत तेच वाद्य खणखणीत बोलतं. भजनाच्या वाद्यांना मात्र वारीआधीचे दिवस.

पैसे हाती आल्यावर साध्या कागदावर पावती करा: वाद्य, क्रमांक, ज्ञात दोष, रक्कम, तारीख, दोघांची सही. मूळ बिल असेल तर त्याची प्रत द्या. पेटी पाठवायची असेल तर भाता बंद करून अडकवा, पट्ट्यांवर मऊ कापड दाबून बसवा आणि खोक्यात हलणार नाही अशी भरा. तंबोऱ्याच्या तारा थोड्या सैल करा आणि भोपळ्याभोवती सगळ्या बाजूंनी जाड गादी द्या. शक्य असेल तर तो पार्सलने पाठवूच नका, माणसाबरोबर पाठवा.

मग निवड अशी होते. पेटी, तबला, पखवाज: आधी कारागिराला दाखवा, मग शिक्षकांच्या आणि मंडळांच्या ओळखीने विका. तंबोरा, सतार: बनवणाऱ्यांच्या घराण्यात विचारा. गिटार, कीबोर्ड, साउंडची सामग्री: ऑनलाइन, पण समक्ष दाखवून. व्हायोलिन, पियानो: आधी शिक्षक किंवा ट्यूनर, मग दुकान. घाई असेल तर दुकानात रोख, आणि तिथे कमी मिळालेल्या पैशांबद्दल मनात किंतु नको. या आठवड्यात फक्त एवढं करा: वाद्य खाली काढा, पुसा, कारागिराला दाखवा आणि ओळखीच्या एका संगीतशिक्षकाला फोन करून विचारा, 'तुमच्याकडे हे कोणाला हवंय का?' निम्म्या वाद्यांना जाहिरात लागणारच नाही.